माल आपला, नाका दुसऱ्याचा

सोलापूरचे एक टॉवेल व्यापारी आमच्या चांगल्या परिचयाचे आहेत. तीस वर्षांपासून धंद्यात आहेत, व्यवहार चोख, उधारी बेताची. काही दिवसांपूर्वी त्यांच्या आखातातील एका जुन्या गिऱ्हाइकाने मालाचे पैसे पाठवले. पैसे तिकडून निघाले, पण इकडे पोहोचले नाहीत. हे गृहस्थ रोज बँकेत फेऱ्या मारत होते आणि बँकेतला माणूस रोज एकच उत्तर देत होता, “वरून चौकशी आली आहे.” चौकशी कसली, तर गिऱ्हाइकाचे नाव कोणत्या तरी परदेशी यादीतील नावाशी जुळते म्हणे. आता आपल्या लोकांत एकाच नावाची माणसे गल्लीगल्लीत सापडतात, हे त्या यादीवाल्यांना कोणी सांगावे! अखेर तेवीस दिवसांनी पैसे सुटले. पण तेवढ्या दिवसांत सूतवाल्याचा वायदा चुकला आणि कारागिरांचा तीन आठवड्यांचा पगार उसनवारीवर भागवावा लागला.

हे गृहस्थ आम्हाला भेटले तेव्हा वैतागून म्हणाले, “अहो भाई, माल माझा, गिऱ्हाईक दुबईचा. मग मध्ये हा अमेरिकेचा कायदा कुठून आला? माझ्या टॉवेलचा आणि परराष्ट्र धोरणाचा काय संबंध?”

प्रश्न साधा आहे, पण आज जगातील मोठमोठ्या विद्यापीठांत आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास करणारे विद्वान याच प्रश्नाभोवती फिरत आहेत. आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना परराष्ट्र धोरण हा विषय वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाचा वाटतो. मंत्री विमानातून उतरतात, हस्तांदोलन होते, छायाचित्र छापून येते. त्यात आपल्याला काय करायचे आहे, असा समज आहे. हा समज आता महागात पडू लागला आहे. म्हणून आज या पानावर आम्ही भाव आणि बाजाराऐवजी त्या संशोधनाविषयी लिहीत आहोत.

विद्वान काय शोधत आहेत?

पूर्वी या शास्त्राचा अभ्यास मुख्यतः लढाया, फौजा, तह आणि अण्वस्त्रे यांचा असे. व्यापाराकडे पाहण्याची दृष्टी बहुधा अशी होती की, दोन देशांत देवघेव वाढली म्हणजे भांडणे कमी होतात. ज्याच्याशी रोजचा व्यवहार आहे त्याच्या अंगावर कोण जाईल? या समजुतीत तथ्य नाही असे नाही. पण ती अपुरी आहे.

अपुरी कशी, हे फार पूर्वी एका माणसाने दाखवून दिले होते. त्याचे नाव आल्बर्ट हर्शमन. हा बर्लिनमध्ये जन्मलेला ज्यू. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्याला जर्मनी सोडावी लागली. पुढे अमेरिकेत १९४५ मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्याने दाखवले की, जर्मनीने बल्गेरियासारख्या लहान देशांना बंदुकीच्या आधी व्यापाराने बांधून घेतले. १९३८ च्या सुमारास बल्गेरियाचा निम्म्याहून अधिक व्यापार एकट्या जर्मनीशी होता. मात्र जर्मनीच्या एकूण व्यापारात बल्गेरियाचा वाटा शेकडा दोनसुद्धा नव्हता. व्यवहार दोघांचाच. पण तो तुटला तर एकाचे दुकान बंद होणार आणि दुसऱ्याला फारसे जाणवणारही नाही. अशा वेळी सौद्यात शब्द कोणाचा चालणार, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. एकाच मोठ्या अडत्याला सगळा माल घालणारा कोणताही कारागीर हे जाणतो.

पुढे १९७७ मध्ये रॉबर्ट कोहेन आणि जोसेफ नाय या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी हाच विचार वाढवला. त्यांचे म्हणणे असे की, एकमेकांवर अवलंबून असणे म्हणजे दोघांचे पारडे समान असणे नव्हे. झटका बसल्यावर पर्याय शोधता येतो की नाही, यावर खरी ताकद ठरते. भाव वाढला तर त्रास दोघांना होतो. पण ज्याच्याजवळ दुसरा पुरवठादार आहे तो चार दिवसांत सावरतो आणि ज्याच्याजवळ नाही तो अडकतो.

यानंतरचा मोठा टप्पा २०१९ चा. हेन्री फॅरेल आणि अब्राहम न्यूमन या दोघांनी एक लेख लिहिला आणि त्यावर आजपर्यंत वाद चालू आहे. त्यांचा सिद्धांत समजण्यासाठी आमच्या वाचकांनी जुना जकात नाका आठवावा. (ही जकात पालिकेची, धर्माची नव्हे!) १ जुलै २०१७ रोजी जी.एस.टी. आला आणि मुंबईचे जकात नाके बंद झाले. त्यापूर्वी भिवंडीहून निघालेला कापडाचा ट्रक मुलुंडच्या नाक्यावर रांगेत उभा राहत असे. त्या नाक्यावर बसलेल्या माणसाच्या हाती दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे पावती वाचणे. कोणाचा माल, किती, कोणाकडे चालला, हे त्याला घरबसल्या कळत असे. आणि दुसरी म्हणजे आडवा बांबू. तो खाली टाकला की ट्रक उभा.

फॅरेल आणि न्यूमन सांगतात की, जगाचा व्यापार वरून पाहिला तर हजार वाटांनी चालतो असे वाटते, पण आतून पाहिले तर तो थोड्याच नाक्यांतून जातो. पैशाचा नाका, समुद्राचा नाका, यंत्रांच्या सुट्या भागांचा नाका. ज्या देशाच्या अंमलाखाली असा नाका येतो, त्याला पावती वाचता येते आणि बांबूही टाकता येतो. जाळे सगळ्यांनी मिळून विणले, पण गाठ एकाच्या हातात राहिली. जे एकमेकांच्या सोयीसाठी उभे राहिले, तेच हत्यार झाले.

पैशाचा नाका

आता सोलापूरच्या टॉवेलचे पैसे कुठे अडकले ते पाहू.

परदेशी व्यवहारात एका बँकेने दुसरीला निरोप पाठवण्याची जी व्यवस्था आहे, तिचे नाव स्विफ्ट. तिची स्थापना १९७३ मध्ये झाली आणि मुख्य कार्यालय बेल्जियममध्ये आहे. दोनशेहून अधिक देशांतील अकरा हजारांहून अधिक बँका व संस्था तिच्यातून निरोप पाठवतात. स्विफ्ट पैसे नेत नाही; ती केवळ निरोप नेते. पण निरोप गेला नाही तर पैसेही जात नाहीत. शिवाय व्यवहार डॉलरमध्ये असेल तर दुबईहून सोलापूरला येणारी रक्कमही बहुतेक वेळा न्यूयॉर्कमधील एखाद्या बँकेच्या खातेवहीतून फिरून येते. आणि न्यूयॉर्कची खातेवही म्हणजे अमेरिकेचा कायदा. आमच्या मित्राच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

हा बांबू कसा पडतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण इराणचे आहे. मार्च २०१२ मध्ये अनेक इराणी बँकांना स्विफ्टमधून काढण्यात आले. भारत इराणकडून तेल घेत होता. पैसे देणार कसे? तेव्हा युको बँकेतून एक तोड निघाली. तेलाच्या किमतीपैकी ४५ टक्के रक्कम रुपयांत या बँकेत जमा करायची आणि इराणने भारतातून जो माल घ्यायचा, त्याचे पैसे त्याच खात्यातून आपल्या निर्यातदारांना द्यायचे. युको बँकेचा अमेरिकेत कारभार नव्हता, म्हणून तिची निवड झाली. व्यवस्था चालली आणि आपला बासमती, चहा, औषधे इराणला जात राहिली.

पण २०१८ मध्ये अमेरिका इराणबरोबरच्या अणुकरारातून बाहेर पडली आणि मे २०१९ मध्ये तेल घेण्यासाठी भारताला मिळालेली सवलतही संपली. भारताने इराणी तेल घेणे बंद केले. त्याबरोबर युको बँकेतील त्या खात्यात नवे रुपये पडणेही बंद झाले. विहिरीचा झरा बंद झाल्यावर पोहरा किती दिवस भरणार? हरियाणा-पंजाबच्या बासमती निर्यातदारांची बिले अडकू लागली. तांदळावर बंदी नव्हती. अन्नधान्यावर अमेरिकेनेही बंदी घातली नव्हती. बंदी तेलावर होती, पण पैशाची वाट तेलातून जात होती, म्हणून तांदूळवाला मारला गेला.

उरलेले अर्धे उत्तर बँकांच्या भीतीत आहे. २०१४ मध्ये फ्रान्सच्या बीएनपी पारिबा या बँकेला अमेरिकेने जवळजवळ ९०० कोटी डॉलरचा दंड केला. कारण काय, तर सुदान, इराण, क्युबा यांच्यावरील निर्बंध मोडून व्यवहार केले. एवढा दंड पाहिल्यावर जगातील प्रत्येक बँकेने कान टोचून घेतले. तेव्हापासून कायद्याने परवानगी असलेला व्यवहारही बँका टाळू लागल्या. हिशेब सरळ आहे. लहान व्यापाऱ्याच्या व्यवहारातून बँकेला मिळणारे कमिशन काही हजारांचे आणि चूक झाली तर दंड कोट्यवधींचा. मग नाव जरासे जुळले तरी थांबवा, देश संशयाचा वाटला तरी थांबवा. कायद्यापेक्षा जास्त पाळण्याच्या या वृत्तीवर आज स्वतंत्र संशोधन होत आहे. आमच्या मते या संशोधनाने आणखी एक गोष्ट ठळकपणे नोंदवली पाहिजे. ज्यांची नावे मुसलमानी आहेत आणि ज्यांचे गिऱ्हाईक आखातात आहेत, त्यांच्यावर या भीतीचा भार जास्त पडतो. हा भार कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही, म्हणून त्याविरुद्ध दादही मागता येत नाही.

समुद्राचा नाका

पैशाचा नाका मोठ्या देशाच्या हाती आहे. पण समुद्राच्या नाक्याने दाखवून दिले की, बांबू टाकायला मोठा देश असण्याचीही गरज नाही.

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबईहून युरोपला जाणारी वाट जवळ आली. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन नावाचे एकच जहाज त्या कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस जगाचा व्यापार खोळंबला. तो अपघात होता. परंतु नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुतींनी गाझातील युद्धाचे कारण देऊन तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तो अपघात नव्हता. मोठ्या जहाज कंपन्यांनी तो मार्ग सोडला आणि आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जहाजे नेली. प्रवास साधारण दहा ते पंधरा दिवसांनी वाढला. २०२४ मध्ये काही मार्गांवर कंटेनरचे भाडे दुप्पट-तिप्पट आणि त्याहूनही वर गेले, विमाही चढला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. भाडे कंटेनरवर लागते, त्यातील मालाच्या किमतीवर नव्हे. ज्याच्या कंटेनरमध्ये महागडी यंत्रे आहेत, त्याला वाढलेले भाडे सोसते. ज्याच्या कंटेनरमध्ये स्वस्त टॉवेल, चादरी, चामड्याच्या पिशव्या किंवा लाकडी खेळणी आहेत, त्याचा सगळा नफा त्या भाड्यात बुडतो. हे ज्यांनी सोसले ते या लेखाचेच वाचक आहेत. आणि माल परदेशी पाठवत नाही म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. भिवंडी-मालेगावच्या मागावर चालणारे पॉलिएस्टर सूत शेवटी खनिज तेलापासूनच बनते. होर्मुझच्या सामुद्रधुनीत तणाव वाढला की तेलाचा भाव हलतो आणि काही दिवसांत सुताचा भावही हलतो. जो यंत्रमागवाला आयुष्यात बंदरावर गेला नाही, त्याच्याही मागाचा एक धागा त्या समुद्रात आहे.

कर कोणावर बसला?

आता २०२५ ची गोष्ट घेऊ. त्या वर्षी अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के जादा आयात कर लावला आणि रशियाचे तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के वाढवला. दोन्ही मिळून ५० टक्के झाले. पुढे वाटाघाटींवर वाटाघाटी होत राहिल्या, तो भाग वेगळा. आमचा मुद्दा असा आहे की, या करातून काय वगळले गेले आणि काय सापडले, ते पाहावे.

औषधे वगळली. मोबाइल फोन वगळले. सापडले कोण? मुरादाबादची पितळी भांडी, भदोहीचे गालिचे, तिरुप्पूरचे विणलेले कपडे, आग्रा-कानपूरचे चामडे, सुरतचे हिरे, किनाऱ्यावरची कोळंबी. म्हणजे अमेरिकन घरात ज्यावाचून अडते ते वाचले आणि ज्याला पर्याय आहे ते मारले गेले. मुरादाबादच्या भट्टीसमोर बसणारा आणि भदोहीत गाठी मारणारा कारागीर रशियाचे तेल घ्यायला गेला नव्हता. तेलाचा सौदा करणारे वेगळे, फायदा घेणारे वेगळे आणि दंड भरणारे वेगळे.

आणखी एक तुलना करावी. रशियाचे तेल चीनही घेत होता आणि भारतापेक्षा कमी नव्हे. तरीही तेलासाठी असा जादा कर त्याच्यावर बसला नाही. का? अनेक अभ्यासक याचे कारण असे देतात की, चीनच्या हाती स्वतःचा एक नाका आहे. मोटारी, यंत्रे, शस्त्रे यांत लागणारी दुर्मिळ खनिजे आणि त्यांपासून बनणारी चुंबके यांवर त्याची पकड आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने अशा सात खनिजांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि अमेरिकेपासून भारतापर्यंतचे मोटार कारखानदार धास्तावले. ज्याच्याजवळ बांबू आहे त्याच्याशी बोलताना दुसरा बांबूवाला जरा दमाने घेतो. हर्शमनने १९४५ मध्ये सांगितले त्याहून हे वेगळे नाही.

आपला हातही स्वच्छ नाही

केवळ दुसऱ्यांच्या नावाने ओरडून चालणार नाही. नाका आपल्या हाती आला तेव्हा आपण काय केले, तेही पाहावे.

नाशिकचा कांदा आखात, बांगलादेश, श्रीलंका येथील स्वयंपाकघरांत जातो. सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने अचानक कांद्याची निर्यात थांबवली. पुढच्याच आठवड्यात बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. व्यापाऱ्यांच्या सभेत त्यांनी हसत हसत सांगितले की, आपल्या स्वयंपाक्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितले आहे; निदान आधी कळवले असते तर बरे झाले असते. सभा हसली, पण बोच राहिली. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. मधल्या काळात काही मित्रदेशांना सरकारी मार्गाने ठरावीक कांदा देण्यात आला. म्हणजे कांदाही परराष्ट्र धोरणाच्या ताटात वाढला गेला!

देशातील गिऱ्हाइकाला कांदा स्वस्त मिळावा, हा हेतू आम्ही चुकीचा म्हणत नाही. पण किंमत कोणी दिली? लासलगावच्या शेतकऱ्याने, अडत्याने, हमालाने आणि अनेक वर्षे खपून परदेशी गिऱ्हाईक बांधणाऱ्या निर्यातदाराने. गिऱ्हाईक एकदा फसले की ते दुसरे दुकान पाहून ठेवते. बांगलादेशाने तेव्हा इजिप्त, तुर्कस्तान, म्यानमारचा कांदा आणवला. नाक्याचा बांबू वारंवार टाकला तर लोक नाका चुकवणारी वाट शोधतात. हा नियम मोठ्या देशांनाही लागू आहे.

हत्यार चालते का?

मग या हत्याराने हेतू तरी साध्य होतो का? येथे विद्वानांत एकमत नाही. वॉशिंग्टनमधील हफबाउर, शॉट आणि एलियट यांनी अनेक वर्षे आर्थिक निर्बंधांची नोंद ठेवली. ११५ प्रसंगांपैकी ४० मध्ये निर्बंध यशस्वी झाले, असा त्यांचा हिशेब होता. रॉबर्ट पेप या संशोधकाने १९९७ मध्ये तीच ४० प्रकरणे पुन्हा तपासली आणि सांगितले की, यांतील खरी यशे केवळ ५ आहेत. बाकींपैकी बहुतेक ठिकाणी फौजेचा धाक होता किंवा समोरच्याने मूळ मागणी मान्यच केली नव्हती. हा वाद आजही मिटलेला नाही.

आमचा आक्षेप मात्र दोन्ही बाजूंवर आहे. यश मोजताना एकच गोष्ट विचारली जाते की, त्या देशाचे सरकार वाकले की नाही. इराकवर ऑगस्ट १९९० मध्ये निर्बंध लागले आणि तेरा वर्षे राहिले. सद्दाम हुसेन त्या निर्बंधांनी हटला नाही, त्यासाठी २००३ चे युद्ध करावे लागले; पण त्या काळात सामान्य इराकी कुटुंबाची जमापुंजी आणि मध्यम वर्गाची कंबर मोडली. कोणत्याही हिशेबवहीत सुतार, शिंपी, तांबट, विणकर यांच्यासाठी स्वतंत्र रकाना नाही. टेबलावर देश बसलेले असतात आणि टेबलाखाली कारागीर चिरडला जातो. परराष्ट्र धोरणाच्या अभ्यासात हा रकाना जोपर्यंत उघडत नाही, तोपर्यंत तो अभ्यास एका डोळ्याचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रुपयाची वाट

यावर काही लोक म्हणतात की डॉलर सोडा, रुपयात व्यवहार करा. विचार चांगला आहे आणि त्या दिशेने पावलेही पडली आहेत. ११ जुलै २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने परदेशी व्यापार रुपयात करण्याची वाट मोकळी केली. जुलै २०२३ मध्ये संयुक्त अरब अमिरातीशी रुपया-दिरहममध्ये व्यवहार करण्याचा समझोता झाला. आखाताशी व्यवहार करणाऱ्यांनी आपल्या बँकेत याची चौकशी अवश्य करावी.

पण हा सर्व रोगांवरचा उपाय नाही. रशियाशी काय झाले पाहा. भारताने तेल भरपूर घेतले, पण रशियाला विकायला आपल्याकडे तेवढा माल नव्हता. मे २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या परिषदेच्या वेळी रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनी उघडपणे सांगितले की, अब्जावधी रुपये भारतीय बँकांत साचले आहेत आणि ते वापरता येत नाहीत. रुपया घेणाऱ्याला त्या रुपयाने आपल्याकडून काही घ्यावेसे वाटले पाहिजे. म्हणजे गोष्ट पुन्हा मालावर येते. चलनाची पत शेवटी कारागिराच्या हातावर उभी असते.

आपण काय करावे?

नाके हलवणे आपल्या हाती नाही. पण नाक्यावर कोणत्या तयारीने उभे राहायचे, हे आपल्या हाती आहे.

पहिली गोष्ट, एका गिऱ्हाइकावर किंवा एका देशावर निम्म्याहून अधिक धंदा टाकू नये. दुसरे गिऱ्हाईक बांधायला खर्च येतो, पहिल्याच्या ऑर्डरमधून थोडे कमी करावे लागते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण तो खर्च नव्हे, ती कुलपाची किंमत आहे.

दुसरी गोष्ट, कागद. बिलावर आणि बँकेच्या फॉर्मवर आपले व गिऱ्हाइकाचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, फर्मचा नोंदणी क्रमांक, पूर्ण पत्ता लिहावा. जमल्यास पासपोर्टप्रमाणेच नावाचे स्पेलिंग ठेवावे. एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर मो. आणि तिसऱ्यावर नुसता एम, अशा निष्काळजीपणानेही पैसे अडकतात. पैसे अडकले म्हणून आडवाटेने आणण्याचा सल्ला देणारे भेटतील. त्यांच्यापासून दूर राहावे. ती वाट बेकायदा आहे आणि एकदा त्या वाटेने गेलेल्यावर पडलेला संशय आयुष्यभर पुसला जात नाही.

तिसरी गोष्ट, सौदा करताना जहाजाचे भाडे कोणाच्या माथी, हे लेखी ठरवावे. भाडे वाढले तर वाढीव रक्कम कोण देणार, हेही त्यातच लिहावे. तोंडी भरवशावर बंदरापर्यंत माल नेऊ नये.

चौथी गोष्ट, केंद्र सरकारची ई.सी.जी.सी. ही संस्था १९५७ पासून निर्यातदारांच्या येण्याचा विमा उतरवते. गिऱ्हाईक बुडाले तर आहेच, पण त्याच्या देशात युद्ध झाले, आयातबंदी आली किंवा तेथील सरकारने पैसे बाहेर पाठवणे थांबवले, तरी तिचे संरक्षण मिळू शकते. लहान निर्यातदारांसाठी वेगळी पॉलिसी आहे. आमच्यापैकी किती जणांनी तिच्या कार्यालयाचा दरवाजा पाहिला आहे?

पाचवी गोष्ट सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाची. ज्याला पर्याय आहे तो माल मारला जातो, हे आपण वर पाहिले. म्हणून आपल्या मालात असे काही असले पाहिजे, ज्यासाठी गिऱ्हाइकाने आपल्याच दारी यावे. एखादी वीण, एखादा रंग, एखादी सफाई, वेळेवर माल देण्याचा लौकिक. स्वस्ताईवर टिकलेला धंदा दुसऱ्याच्या स्वस्ताईने जातो.

आणि शेवटी, आमच्या संघटनांना एक विनंती. कोणाचे किती पैसे किती दिवस अडकले, भाडे किती वाढले, किती माग बंद राहिले, किती कारागीर घरी बसले, याची नोंद ठेवावी. आज अशी नोंद कोणाकडेच नाही, म्हणून दिल्लीत करार होताना आमचा रकाना रिकामा असतो. विद्वानांनी आम्हाला मोजले नाही ही तक्रार खरी आहे. पण आम्ही तरी स्वतःला कुठे मोजले? आपल्या मुलामुलींपैकी एखाद्याने इंजिनिअरिंग, कॉमर्सबरोबर आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेतला तर त्याला “यात पोट कसे भरणार?” असे विचारू नये. बापाचे पैसे तेवीस दिवस का अडकले, हे त्याच्याच पुस्तकात सापडणार आहे.

सोलापूरच्या आमच्या मित्राला आम्ही हे सर्व सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “म्हणजे भाई, टॉवेल विणताना आता नकाशाही पाहायला हवा.” आम्ही म्हटले, “होय. आणि त्या नकाशावर नाका कोणाचा आहे, तेही.”